पी हळद

आमच्या घरात औषधांचं कपाट आलं त्याला फार वर्षं झालेली नाहीत. त्याआधी मिसळणाचा डबा होता. सात वाट्यांचा, पितळी आणि झाकण कधीही नीट न बसणारा. त्यातल्या मोहरीनं दृष्ट निघायची, हिंग पोटदुखीला, मेथ्या गुडघ्यांना, जिरं पित्ताला. या वाटणीत न बसणारं जे काही दुखणं उरेल ते सगळं हळदीच्या खात्यावर. खोकला आला, हळदीचं दूध. घसा धरला, हळदीची गुळणी. मुका मार लागला, हळद गरम करून लेप. आणि रक्त आलं की चिमूट थेट जखमेवर.

माझ्या लहानपणी पुण्यातलं मूल आधी सायकलवरून पडायचं आणि मग ती चालवायला शिकायचं. त्यामुळे इयत्ता चौथी ते सातवी मी पिवळ्या गुडघ्यांनीच काढली. हळद लावल्यावर जखम तीन दिवसांत भरली, तर आई म्हणायची, "बघ, हळदीचा गुण." आठ दिवस लागले तर, "पाणी लावलं असशील." आणि पिकलीच, तर, "हळद लावायला उशीर केलास." या तर्कशास्त्रात हळद कधी हरतच नसे. हरायचो तो मी.

आता गंमत बघा. झटपट गुण येईल अशी आशा धरणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणतात? 'पी हळद नि हो गोरी'. म्हणजे आपल्या पूर्वजांना हळदीच्या मर्यादा ठाऊक होत्या. इतक्या, की त्यांनी त्यावर म्हण करून ठेवली. आणि ती म्हण तोंडपाठ असलेली आमची पिढी आज रोज सकाळी उपाशीपोटी हळद पिते. गोरं होण्याची आशा आता राहिलेली नाही, निदान गुडघे तरी दुखू नयेत!

पण हळदीवर खरी निष्ठा पाहायची तर आमच्या अण्णाची. अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ती कचेरी घरी आणली. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची फाइल असते. हळदीची तर फाइल नव्हे, तसबीरच आहे. १९९७ सालच्या वर्तमानपत्राचं एक कात्रण त्यानं प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतलं आणि देवघराशेजारच्या भिंतीवर लावलं. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी ते वाचावं लागे.

त्या कात्रणाची हकीगत अशी. १९९५च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कचेरीनं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिलं. क्रमांक ५४०१५०४. शोध कसला, तर जखम भरून यावी म्हणून हळद वापरणे! शोध लावणारे दोघेही भारतीय वंशाचे. म्हणजे लहानपणी त्यांच्याही गुडघ्यांना कुणीतरी हळद फासलीच असणार. आमच्या आईनं वेळेवर अर्ज केला असता तर आज आम्ही कोट्यधीश असतो, असं अण्णा म्हणायचा, आणि तो हे विनोदानं म्हणत नसे.

त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर दिल्लीला सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक झालेले होते. त्याआधी १९८९ ते १९९५ ते इथं पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यामुळे पुणेकरांच्या लेखी ते पुण्याचेच, दिल्लीला फक्त कामासाठी गेलेले. सीएसआयआरनं १९९६ साली या पेटंटाला हरकत घेतली. हळद आमच्याकडे जखमेवर शतकानुशतकं लावतात हे दाखवायला बत्तीस लेखी पुरावे दिले. काही संस्कृतातले, काही उर्दूतले, काही हिंदीतले, काही शंभर वर्षांहून जुने. त्यात १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ साली अमेरिकेच्या कचेरीनं मान्य केलं, की होय, यात नवीन काही नाही. पेटंट रद्द.

त्या दिवशी आमच्या कट्ट्यावर अण्णानं सगळ्यांना कॉफी पाजली. सदाशिव पेठेत कुणी कुणाला आपणहून कॉफी पाजणं ही त्या पेटंटापेक्षा नवीन गोष्ट होती. "अमेरिकेला हळद लावली," असं तो दिवसभर सांगत होता. पुढं २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह करायचं काम सरकारनं हाती घेतलं, म्हणजे दर वेळी भांडायला जायला नको, तेव्हा तर अण्णाला हे सगळं आपल्याच सूचनेवरून होतंय असं वाटू लागलं. त्यानं तसं पत्र पाठवलेलं होतं. स्थळप्रत त्याच्या फाइलीत आहे.

अशी पुष्कळ वर्षं गेली. कात्रण पिवळं पडलं, ते हळदीला साजेसंच झालं. आणि मग अण्णाची नात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करू लागली. एका रविवारी जेवणं झाल्यावर तिनं भिंतीवरचं कात्रण पहिल्यांदाच नीट वाचलं. (घरातली माणसं भिंतीवरचं कधी वाचत नाहीत.) वाचून म्हणाली,

"आजोबा, यात हळदीनं जखम बरी होते असं कुठं सिद्ध झालंय?"

"म्हणजे? अमेरिकेनं मान्य केलं!"

"अमेरिकेनं एवढंच मान्य केलं की हे नवीन नाही. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. आपण दाखवून दिलं की ही गोष्ट जुनी आहे. ती लागू पडते का, किती पडते, कुठल्या जखमेला पडते, हा त्या भांडणाचा मुद्दाच नव्हता."

अण्णा गप्प झाला. मी पण. पंचवीस वर्षं ते कात्रण वाचून आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. अर्थात त्यात आमचा फारसा दोष नाही. पुण्यात एखादी गोष्ट जुनी आहे हे सिद्ध झालं, की ती बरोबर आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

"मग हळदीत काही नाही असं तुझं म्हणणं?" अण्णानं कचेरीतल्या आवाजात विचारलं.

"असं कुठं म्हटलं? पुष्कळ आहे. दाखवते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या सदऱ्याकडे बोट करून म्हणाली, "धाकटे आजोबा, तो डाग कसला?"

डाग बटाट्याच्या भाजीचा होता. तिनं मला मोरीपाशी उभं केलं आणि डागावर साबणाची वडी घासली. पिवळा डाग बघता बघता लाल झाला. आमची ही धावत आली. तिला वाटलं, मी पानाची पिंक अंगावर घेतली.

मग आमचा वर्ग भरला. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिन नावाच्या द्रव्याचा. ते १८१५ साली युरोपातल्या दोन रसायनज्ञांनी पहिल्यांदा वेगळं काढलं. त्याची रचना कळायला १९१० साल उजाडलं. हे द्रव्य अल्कलीत गेलं की लाल होतं. साबण अल्कलीच. चुनाही अल्कलीच. हळदीला चुन्याचं पाणी देऊन पूर्वी कुंकू करायचे ते याच गुणावर. म्हणजे हळदीकुंकवाच्या ताटात शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या. एक माहेरीच राहिलेली, दुसरी चुन्याच्या घरात दिलेली.

"सदरा उन्हात टाका," ती म्हणाली, "डाग आपोआप फिका होईल. कुरकुमिन उजेडात टिकत नाही." आमच्या हिला हे पंचेचाळीस वर्षं ठाऊक होतं, पण त्यामागं रसायनशास्त्र आहे हे कळल्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर बहुधा माशेलकरांनी अमेरिकेकडे टाकली असेल.

"पण हे कुरकुमिन हळदीत किती?" अण्णानं आकडा मागितला. आकड्याशिवाय त्याची फाइल पुढं सरकत नाही.

"साधारण तीन टक्के. जातीवर आणि जमिनीवर अवलंबून असतं, थोडं कमी-जास्त."

"तीन? आणि उरलेले सत्त्याण्णव?"

"पिठूळ पदार्थ, तंतू, थोडं पाणी, आणि थोडं सुगंधी तेल. वास त्या तेलाचा, रंग कुरकुमिनचा."

"म्हणजे आमच्या कचेरीसारखंच," अण्णा म्हणाला. "तीन टक्के माणसं काम करायची, बाकीचे नुसते जागा धरून बसलेले."

इथं अण्णाचा राग थोडा निवळला होता, पण पोरगी थांबेना. १९४९ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नामांकित साप्ताहिकात कुरकुमिन जंतूंना मारतं असं छापून आलं. तेव्हापासून जगभर शेकडो प्रयोगशाळांनी त्याचे अर्क काढले. पाण्यात काढावा तर ते जवळजवळ विरघळतच नाही. तेलात विरघळतं, अल्कोहोलात विरघळतं. (इथं अण्णाच्या चेहऱ्यावर, फोडणीचा शोध कुणी लावला, असा भाव आला.) काचेच्या बशीत हे द्रव्य सूज उतरवणारं, जंतूंना आवरणारं, काय काय करणारं निघालं. "पण आजोबा, बशीत जंतू मारणं सोपं. बशीला आतडं नसतं आणि लिव्हरही नसतं. माणसानं ते खाल्लं की आतड्यातून फारसं आत जातच नाही. जे जातं, त्याचं रूप लिव्हर लगेच बदलून टाकतं आणि शरीर त्याला बाहेरची वाट दाखवतं."

१९९८ साली बंगलोरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम कुरकुमिन देऊन त्यांचं रक्त तपासलं. रक्तात ते सापडेना, किंवा सापडलं तर नावापुरतं. मग त्याच्या जोडीला वीस मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे काळ्या मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण वीसपट झालं.

"वीसपट!" अण्णा उजळला.

"जवळजवळ नसलेल्या गोष्टीच्या वीसपट, आजोबा."

मी मनातल्या मनात हिशेब केला. एक चहाचा चमचा हळद म्हणजे साधारण तीन ग्रॅम. त्यात कुरकुमिन नव्वद मिलिग्रॅम. दोन ग्रॅम पोटात जायला रोज बावीस चमचे हळद खावी लागेल. एवढी हळद तर नवऱ्या मुलालाही लावत नाहीत.

तेव्हा हळदीला नावं कोण ठेवतंय? ती बिचारी निमूट गोष्ट. तिला बी नाही, कंदापासून कंद होतो. नऊ महिने जमिनीत राहते, मग शिजवून घेते, वाळवून घेते, घासून घेते. आमच्या आईचं माहेर सांगलीकडचं. तिकडं कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची रीत होती. वर्षानुवर्षं हळद त्या अंधारात राहायची आणि किडा लागायचा नाही. २००५च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरून फार नुकसान झालं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पेवं हरिपूरची, पण हळदीचं खरं पेव फुटलं ते पुण्यात. सकाळी पर्वती चढणाऱ्यांच्या गप्पा एकदा ऐका. कुणाच्या खिशात हळदीच्या कॅप्सुला, कुणाच्या थर्मासात हळदीचा काढा. तिकडं कोरेगाव पार्कात हळदीच्या दुधाला इंग्रजी नाव देऊन ते उंच पेल्यात विकतात. आई जे दूध नाक दाबून पाजायची, तेच पैसे मोजून पिताना नातवंडं फोटो काढून घेतात.

आणि एवढं झाल्यावर शास्त्र काय म्हणतं? २०१७ साली अमेरिकेतल्या काही रसायनज्ञांनी कुरकुमिनवरच्या सगळ्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. माणसांवर शंभराहून अधिक चाचण्या होऊनही, जिला निर्विवाद यशस्वी म्हणावं अशी एकही काटेकोर चाचणी त्यांना दिसली नाही. गुडघेदुखीवर थोडा आराम पडतो असं सांगणारे काही लहान अभ्यास आहेत, नाही असं नाही. पण २०१९ साली इटलीत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला सूज आल्याचं आढळलं आणि तिथल्या सरकारला तसा इशारा द्यावा लागला. भाजीत पडते ती हळद वेगळी. अर्क उतरवून, मिरीचं सत्त्व घालून, गोळीत दाबून बसवलेली वेगळी. घरी पाहुणा म्हणून येणारा गृहस्थ आणि तोच कुटुंबासकट कायमचा राहायला आलेला, यात जेवढा फरक, तेवढा.

हे सगळं अण्णानं ऐकून घेतलं. दोन दिवस तो नातीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलू लागला, पण कात्रण तिथंच राहिलं.

आता पुढची गोष्ट सांगायला मला जरा जड जातं.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत अण्णानं नव्या कोल्हापुरी वहाणा घेतल्या. उजव्या पायाच्या करंगळीला वहाण चावली. नवी वहाण चावतेच. अण्णानं हळद लावली. अण्णाला वीस वर्षांची साखर. ती वहिनी सांभाळायच्या, तो फक्त तिची फाइल ठेवायचा. जखम दुखेना, तेव्हा तो म्हणाला, "दुखत नाही, म्हणजे भरतेय." आम्हीही माना डोलावल्या. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, तिथं न दुखणं हीच खरी धोक्याची खूण असते, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. अण्णा रोज सकाळी अंघोळीनंतर तेलात कालवलेली हळद करंगळीवर थापायचा आणि वर मोजा चढवायचा.

तो पिवळा झालेला मोजा मी पाहिला होता. पाहून थट्टाही केली होती. "अण्णा, या वयात हळद लागली! मुहूर्त कधीचा?" असं म्हणालो होतो. सगळे हसले होते. ती थट्टा मला आता आठवत नाही, असं मी घरात सांगतो.

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, जरा येता का? यांच्या पायाला वास येतोय."

इस्पितळात त्या तरुण सर्जननं करंगळीवरचे थर पाण्यानं भिजवून एकेक करून काढले. घरात आम्ही पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं. लाली नाही, काळेपणा नाही, सगळीकडे एकसारखा पिवळा रंग. आणि त्याच्याखाली संसर्ग हाडापर्यंत पोहोचलेला. पाय वाचवायचा तर करंगळी काढावी लागणार होती. ती काढली.

अण्णानं शुद्धीवर आल्यावर विचारलं, "डॉक्टर, हळदीनं गेलं का बोट?"

सर्जन चांगला माणूस होता. रागावला नाही. म्हणाला, "नाही काका. हळदीवर विसंबून तुम्ही जे तीन आठवडे काढलेत ना, त्यांनी गेलं."

संध्याकाळी नात आली. अण्णाच्या पलंगाशी बसली. मी मनाची तयारी करून ठेवली होती, की आता ही 'मी सांगत होते' म्हणणार. ती तसं काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं अण्णानंच विचारलं, "त्या बत्तीस पुराव्यांत मधुमेहाच्या पायाबद्दल काही होतं का गं?"

"ते मी नाही वाचले, आजोबा," ती म्हणाली. आणि मग तिला एकदम रडू आलं. "मी तुम्हाला तीन टक्के शिकवत बसले, पण तुमचा पाय नाही बघितला."

अण्णानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "अगं, तो पाय माझा होता. मीच नाही बघितला."

घरी आल्यावर अण्णा महिनाभर फारसा बोलला नाही. एक दिवस मी त्याच्याकडे गेलो असताना त्यानं मला विचारलं, "तुला आठवतं? आपण पडून आलो की आई आधी काय करायची?"

"हळद लावायची."

"चूक. नीट आठव."

मी आठवू लागलो. बोळातून लंगडत यायचं, दारातूनच भोकाड पसरायचं, आणि मग... मग आई बखोटीला धरून मोरीवर न्यायची. बंबातलं कोमट पाणी तांब्यातांब्यानं गुडघ्यावर ओतायची. खडे काढायची, माती काढायची. आम्ही ओरडायचो ते तेव्हा. पार स्वच्छ झालं, उजेडात वाकून बघून झालं, म्हणजे मग हळद. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी पुन्हा एकदा, "दाखव गुडघा."

"हळद पिवळी म्हणून आपल्या लक्षात राहिली," अण्णा म्हणाला. "पाण्याला रंग नव्हता."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच अण्णा काहीतरी फाइल न उघडता बोलला होता.

कात्रण अजून भिंतीवर आहे. ती लढाई खरीच होती आणि जिंकलो ते बरंच झालं, याबद्दल नातीचंही दुमत नाही. आपलं जुनं ज्ञान कुणी नवं म्हणून विकू नये, हे बरोबरच. पण आपलं आहे आणि जुनं आहे एवढ्यावर आपण तरी ते डोळे मिटून का विकत घ्यावं? म्हणून अण्णानं कात्रणाच्या खाली एक पाटी लावली आहे, स्वतःच्या अक्षरात. 'रोज रात्री दोन्ही पाय उजेडात तपासावेत. तळव्यांसाठी आरसा खुंटीवर आहे. तो जागेवर ठेवावा. न तपासता झोपल्यास होणाऱ्या परिणामांस हळद जबाबदार नाही.' पाहुण्यांना आता चहाच्या आधी हेही वाचावं लागतं. मधुमेह असलेल्या पाहुण्यांना तर मोजे काढून दाखवावे लागतात. आमच्याकडे हल्ली पाहुणे कमी येतात.

गेल्या महिन्यात अण्णा आणि वहिनी आमच्याकडे जेवायला आले होते. कोशिंबिरीसाठी काकडी मीच चोचवत होतो, कारण हिनं तसं सांगितलं होतं. विळीनं माझं बोट कापलं. ओरडलो मी, धावली ही. पन्नास वर्षांची सवय! मिसळणाचा डबा उघडला आणि सबंध चिमूट माझ्या बोटावर दाबली.

"थांबा!" अण्णा बाहेरच्या खोलीतून काठी टेकत आला. "आधी धू. नळाखाली धर. साबण लाव. मग बघू."

मी बोट नळाखाली धरलं आणि घाबरत घाबरत साबण चोळला. आणि क्षणात माझं बोट, शेजारचं बोट, तळहात, पांढरं बेसिन, सगळं लालभडक! ही किंचाळली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. मला स्वतःला गरगरल्यासारखं झालं आणि मी भिंतीला टेकलो.

अण्णा मात्र शांत होता. त्यानं चष्मा पुसला, माझा हात उजेडात धरला आणि दोन्ही बाजूंनी नीट बघितला.

"काही नाही," तो म्हणाला. "रक्त थेंबभरच आहे. बाकीचं कुंकू."